गढूळ पाण्यातलं प्रवाळ

प्रवाळ म्हटलं की निळंशार, नितळ पाणी आठवतं. बडोद्याहून कच्छच्या आखाताकडे निघताना ते चित्र घरीच ठेवावं. जामनगरजवळच्या नराऱ्याला ना होडी लागते, ना डुबकी. ओहोटीची वेळ काढायची, वाटाड्या घ्यायचा आणि चिखलपाण्यातून चालू लागायचं. आखाताच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचा खडक पार उघडा पडतो.

पाणी मात्र कायम गढूळ, आणि प्रवाळाला गाळाचं वावडं. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं नि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. गाळाने ऊन अडलं की दोघांचीही उपासमार. मग हे टिकलं कसं? वाकून बघा: मेंदूसारख्या वळ्यांचे गोल गोटे, अंगावर बुळबुळीत थर. गाळाचे कण या थरात अडकतात आणि पॉलिपांवरचे, म्हणजे प्रवाळ ज्या इवल्या जिवांचं बनलेलं असतं त्यांच्यावरचे, बारीक केस तो हळूहळू बाहेर सरकवतात. ओहोटीत तोच थर अंग सुकू देत नाही. फांद्याफांद्यांचं नाजूक ॲक्रोपोरा प्रवाळ इथून जवळजवळ संपलंय. मेलेले तुकडे तेवढे सापडतात.

शेजारच्या डबक्यात दगडाखाली ऑक्टोपस असतो, पण दिसेल तर शपथ! त्वचेतल्या रंगाच्या पिशव्या स्नायूंनी ताणल्या-सैल केल्या की क्षणात तो दगडासारखा होतो. पफर फिश, म्हणजे कोकणातला केंड, डिवचला की पाणी पिऊन टम्म फुगतो. वाटाडे पर्यटकांसाठी हौसेने फुगवून दाखवतात; मला हा खेळ मुळीच आवडत नाही, माशाचा जीव मेटाकुटीला येतो.

किनाऱ्यावरची तिवरं मुळांनी गाळ धरून ठेवतात. ती तुटली की तोच गाळ प्रवाळांवर येतो. पूर्वी तर सिमेंटसाठी प्रवाळी वाळूच उपसली जायची. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्यात ४२ बेटं आहेत. पिरोटन त्यातलं सर्वांत प्रसिद्ध.

बडोदेकरांचा या पाण्याशी संबंध त्याहून जुना आहे. आखाताच्या तोंडाशी असलेलं ओखामंडळ सयाजीराव महाराजांच्या संस्थानात होतं. तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी सागरी प्राण्यांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी बडोदा सरकारसाठी केली, तिचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला गेला. इथे पूर्वी काय होतं हे ठरवायला अशाच जुन्या याद्या कामी येतात.