तरंगत्या पवनचक्कीला हवा भक्कम धक्का

२०२४ च्या उन्हाळ्यात उत्तर समुद्रातून पाच पवनचक्क्या प्रवासाला निघाल्या. स्कॉटलंडच्या पीटरहेडपासून सुमारे २५ किलोमीटरवर त्या सात वर्षं वीज तयार करत होत्या. त्यांच्या नांगराच्या साखळ्या सोडवल्या, टग बोटींनी त्यांना उभ्याच्या उभ्या ओढत नॉर्वेतल्या गुलेन बंदराच्या धक्क्यावर नेलं, मुख्य बेअरिंगं बदलली आणि मग त्या परत आपल्या जागी आणून बांधल्या. एका दुरुस्तीसाठी अख्खा समुद्र ओलांडायचा!

हा ‘हायविंड स्कॉटलंड’, जगातला पहिला व्यावसायिक तरंगता पवनऊर्जा प्रकल्प. २०१७ मध्ये सुरू झाला, क्षमता ३० मेगावॉट. समुद्र साठ-सत्तर मीटरहून खोल झाला की तळात खांब रोवणं परवडत नाही. मग पवनचक्की तरंगत्या तराफ्यावर उभी करतात आणि तराफा नांगरतात. हायविंडचा तराफा म्हणजे पोलादाची लांबलचक उभी नळी. बुडाशी वजन असलेली बाहुली ढकलली तरी जशी पुन्हा सरळ होते, तशी ही नळी सरळ राहते. तिचा पाण्याखालचा भाग ७८ मीटर आहे, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. एवढी नळी उभी करायला धक्क्याजवळच तेवढं खोल आणि शांत पाणी हवं. ते मिळालं नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खोल खाडीत. म्हणून नळ्या घडल्या स्पेनमध्ये, जोडणी झाली नॉर्वेच्या स्टॉर्डजवळ, आणि समुद्र तेवढा स्कॉटलंडचा. नांगर मात्र स्कॉटलंडमध्येच, इन्व्हरगॉर्डनला तयार झाले.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. तरंगत्या पवनचक्कीची चर्चा वारा आणि लाटांभोवती फिरते, पण प्रकल्प होणार की नाही हे ठरतं धक्क्यावर. तळात रोवलेल्या चक्कीसाठी पाय टेकवून उभं राहणारं क्रेनचं जहाज जागेवर जातं. खोल समुद्रात त्याचे पाय तळाला पुरत नाहीत. खाली तराफा डोलतोय, वर क्रेन डोलतेय, अशा वेळी शेकडो टनांचं जनित्र दीडशे मीटर उंचीवर बसवणं फार अवघड. त्यामुळे जोडणी बंदरातच उरकायची. बंदर हाच कारखाना.

तो किती मोठा लागेल, याचा हिशेब करून पाहू. १५ मेगावॉटच्या चक्कीचं एकेक पातं सुमारे ११५ मीटर लांब. तिला पेलणाऱ्या पोलादी तराफ्याचं वजन साधारण ४ हजार टन, रुंदी शंभर मीटरच्या आसपास. १ हजार मेगावॉटसाठी अशा ६७ चक्क्या, म्हणजे तराफ्यांसाठीच पावणेतीन लाख टन पोलाद. प्रत्येकीला किमान तीन साखळ्या धरल्या तर दोनशेहून जास्त. १५ सेंटीमीटर जाड सळईच्या साखळीचा एक मीटर तुकडासुद्धा साडेचारशे किलो भरतो, आणि अशा साखळ्या बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत.

आता वेळेचं गणित. नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तसाच उत्तर समुद्रही हिवाळ्यात कामाला फारसा सापडत नाही. ओढून न्यायला उघडीप लागते. वर्षातले २६ आठवडे मिळाले आणि आठवड्याला एक चक्की गेली, तरी ६७ चक्क्यांना अडीच हंगाम लागतील. हिवाळ्यात कारखाना बंद ठेवता येत नाही, म्हणून तयार तराफे आडोशाच्या पाण्यात नांगरून ठेवावे लागतात. त्यासाठी खाडीत ऐसपैस जागा लागते. धक्काही साधा चालत नाही. अवजड क्रेन उभी राहायची तर जमिनीने दर चौरस मीटरला १० टन किंवा त्याहून जास्त भार सोसला पाहिजे. उभी चक्की बाहेर न्यायच्या वाटेवर पूल नको, विजेच्या तारा नकोत.

ॲबर्डीनजवळच्या किनकार्डिन प्रकल्पाने वेगळा तराफा निवडला. तीन खांबांचा, कमी पाण्यात तरंगणारा. त्यामुळे फियॉर्डची गरज संपली, पण चक्क्या चढवल्या त्या नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, आणि २०२२ मध्ये एक चक्की बिघडली तेव्हा तीही रॉटरडॅमलाच न्यावी लागली. समुद्र दाराशी आणि काम परदेशात, हे स्कॉटलंडच्या लोकांना लागणं साहजिक आहे. २०२२ च्या ‘स्कॉटविंड’ लिलावात तिथे सुमारे २५ हजार मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी समुद्रातली जागा देऊ केली गेली आणि त्यातले निम्म्याहून अधिक तरंगते आहेत.

मग बंदरं का बांधत नाहीत? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी गत आहे. मागणी पक्की झाल्याशिवाय बंदराला कर्ज मिळत नाही, आणि बंदर तयार दिसल्याशिवाय प्रकल्पवाले मागणी पक्की करत नाहीत. ही गाठ सरकारी पैशानेच सुटते, असं माझं मत आहे. स्कॉटलंडमधल्या आर्डरसियर बंदराचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात इथे तेलविहिरींचे सांगाडे बांधायचे; पुढे हे आवार बंद पडलं, त्याचं तोंड वाळूने भरलं. आता तो गाळ उपसून बंदर पुन्हा उभं राहतंय, त्याला ब्रिटिश आणि स्कॉटिश सरकारी बँकांच्या १० कोटी पौंडांचा आधार आहे.

भारताने २०२४ मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, ती तळात रोवलेल्या चक्क्यांसाठी, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर. त्यातले ६०० कोटी मात्र दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. बातम्यांत मेगावॉटचे आकडे झळकले; मी आधी हा आकडा शोधला.