बॅरोची ४८ वर्षं आणि नॉन-लीगचा ऑगस्ट

उन्हाळा लागला की इंग्लंडमधला नॉन-लीगचा, म्हणजे फुटबॉलच्या वरच्या चार विभागांबाहेरच्या क्लबांचा, चाहता आधी नकाशा काढतो. कोणता स्ट्रायकर आला, कोण सोडून गेला, ते नंतर. आपला क्लब यंदा उत्तरेत टाकलाय की दक्षिणेत, हे त्याला पहिल्यांदा कळायला हवं असतं. पाचव्या पायरीवरची नॅशनल लीग देशभराची एकच आहे. तिच्या खाली मात्र ‘नॉर्थ’ आणि ‘साउथ’ अशा दोन वाटण्या होतात, त्यांच्याखाली आणखी तुकडे. वरून कोण घसरलं, खालून कोण चढलं, त्यावर दोन्हीकडची संख्या जुळवायची असल्यामुळे मधली रेघ दरवर्षी सरकते आणि रेघेजवळच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. बिशप्स स्टॉर्टफर्ड हे लंडनपासून साधारण तीस मैलांवरचं गाव. २०२३ साली तिथला क्लब खालच्या पायरीवरची इस्थमियन लीग जिंकून वर गेला, आणि त्याला ढकललं ‘नॉर्थ’मध्ये. मग साउथ शील्ड्स, डार्लिंग्टन, ब्लाइथ असे दौरे सुरू झाले. या पातळीवर बरेच खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात, हे लक्षात घ्या. हंगाम संपला तेव्हा क्लब तळाला होता. जिंकल्याची शिक्षा म्हणतात ती हीच.

हा सगळा व्याप कुठून आला ते बघायला १८८८ मध्ये जावं लागतं. ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने त्या वर्षी बारा क्लबांनी फुटबॉल लीग काढली. बाराही क्लब लँकेशर आणि मिडलंड्स भागातले होते. बाकी सगळे आपोआप ‘नॉन-लीग’ ठरले. मराठीत ‘लीगबाह्य’ म्हणायला गेलं तर कुणाला तरी वाळीत टाकल्यासारखं वाटतं, आणि पुढचा इतिहास पाहता ते फारसं चूकही नाही.

सुरुवातीला बाहेरचे म्हणजे कच्चे, असं मुळीच नव्हतं. दक्षिणेकडच्या क्लबांनी १८९४ मध्ये स्वतःची सदर्न लीग उभी केली. तिच्यात खेळणाऱ्या टॉटनहॅमने १९०१ साली एफए कप, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला. फुटबॉल लीग स्थापन झाल्यानंतर बाहेरच्या क्लबाने हा कप नेल्याचं हे एकमेव उदाहरण. पण १९२० मध्ये सदर्न लीगचा वरचा विभागच्या विभाग फुटबॉल लीगने आपल्या तिसऱ्या विभागात सामावून घेतला. तगडे होते ते आत गेले आणि त्यांच्यामागे दार लागलं.

दाराला कडी होती मतदानाची. फुटबॉल लीगमध्ये तळाला राहिलेल्या क्लबांना उन्हाळ्यातल्या वार्षिक सभेत पुन्हा निवडून यावं लागे. १९५८ नंतर ही पाळी चौथ्या विभागातल्या शेवटच्या चौघांवर येई. बाहेरून अर्ज करणारे रांगेत असत, पण मतं देणार कोण, तर आत बसलेले क्लब. आज शेजाऱ्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल, हा साधा व्यवहार सगळ्यांना कळत होता. आपल्याकडे सहकारी संस्थेची निवडणूक ज्याने एकदा जवळून पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. हार्टलपूलने चौदा वेळा असा अर्ज केला आणि चौदाही वेळा तो आतच राहिला.

म्हणून १९७२ चं साल लक्षात राहतं. फेब्रुवारीत सदर्न लीगमधल्या हेरेफर्डने आपल्या एडगर स्ट्रीट मैदानाच्या चिखलात पहिल्या विभागातल्या न्यूकॅसलला एफए कपमध्ये २-१ असं हरवलं. रॉनी रॅडफर्ड हा सुतारकाम करणारा मिडफिल्डर. त्याने लांबून मारलेला गोल आणि मैदानात घुसलेली पार्का जॅकेटवाली पोरं हे चित्र इंग्लंडमधला टीव्ही आजही काढून दाखवतो. रिकी जॉर्जने अतिरिक्त वेळेत विजयी गोल केला. त्या गाजावाजावर स्वार होऊन हेरेफर्ड उन्हाळ्यातल्या सभेत निवडून आला. जागा गेली बॅरोची. आता गंमत बघा: बॅरो शेवटचा नव्हता. त्याच्याखाली क्रू आणि स्टॉकपोर्ट होते, ते दोघे वाचले. बॅरो वायव्येकडच्या एका कोपऱ्यातलं जहाजबांधणीचं गाव, जायला यायला आडवळणी. मतं फिरण्यामागे त्याचाही हात होता असं म्हटलं जातं, आणि मला ते पटतं.

बाहेरच्यांचीही एक चूक होत होती. अर्ज करणारे अनेक, त्यामुळे मतं फुटायची. त्यावर उपाय म्हणून १९७९ मध्ये उत्तर-दक्षिणेतले वरचे वीस क्लब एकत्र आले आणि अलायन्स प्रीमियर लीग सुरू झाली. आजच्या नॅशनल लीगचं हे मूळ. आता उमेदवार एकच उभा करायचा, असं ठरलं. पहिला विजेता ऑल्ट्रिंचम. १९८० च्या सभेत आतल्या, तळाला राहिलेल्या रॉचडेलला २६ मतं पडली, ऑल्ट्रिंचमला २५. एका मताने गेलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा विजेते झाले आणि पुन्हा बाहेरच राहिले. १९८६ पर्यंत सात हंगामांत एकाही विजेत्याला आत घेतलं नाही.

१९८७ ला अखेर नियम बदलला: तळाचा एक खाली, नॅशनल लीगच्या त्या वेळच्या अवताराचा विजेता वर. मतदान बंद. आणि पहिल्याच वर्षी, ९ मेच्या दुपारी, जे घडलं ते कथेत लिहिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं. लीगच्या मूळ बारांपैकी एक असलेला बर्नली बुडण्याच्या बेतात होता. तो ओरिएंटला २-१ हरवून तरला. टॉर्की क्रूविरुद्ध पिछाडीवर होता. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या ब्रिन नावाच्या पोलीस कुत्र्याने टॉर्कीच्या जिम मॅकनिकोलच्या मांडीचा लचका तोडला. मलमपट्टीत गेलेली मिनिटं शेवटी जोडली गेली आणि त्याच वाढीव वेळेत पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की गोलफरकावर वाचला आणि स्वान्सीत हरलेला लिंकन सिटी थेट बाहेर पडणारा पहिला क्लब झाला. वर गेला स्कारबरो. मॅनेजर होते नील वॉरनॉक. लिंकन मात्र पुढच्याच वर्षी विजेता होऊन परत आला. बाहेर पडलं तरी परतता येतं हे त्याने दाखवलं.

दार उघडलं, पण उंबरठा उंच ठेवला. १९९४ ला किडरमिन्स्टर, ९५ ला मॅकल्सफील्ड, ९६ ला स्टीव्हनेज. ओळीने तीन विजेत्यांना मैदान नियमात बसत नाही म्हणून वर जाऊ दिलं नाही. त्यामुळे आजही नॉन-लीगचा चाहता जुलैमध्ये नव्या गोलकीपरइतकाच नव्या स्टँडबद्दल, आसनांबद्दल आणि दिव्यांबद्दल बोलतो. दुसरी जागा मिळायला २००३ उजाडलं: येओव्हिल विजेता म्हणून गेला, डॉनकास्टर प्ले-ऑफ, म्हणजे विजेत्याखालच्या संघांमधले बाद सामने, जिंकून. दोनवरचे तीन करा ही मागणी पुढे बरीच वर्षं रेंगाळत राहिली. २०२३ मध्ये रेक्सहॅम १११ गुणांवर वर गेला, तर १०७ गुण मिळवूनही नॉट्स काउंटीला प्ले-ऑफची दिव्यं करावी लागली. १०७ गुणांवर आणखी परीक्षा कसली घ्यायची?

अर्थात सगळ्यांनाच वर जायचं असतं असंही नाही. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीत मरीन नावाचा क्लब आहे. मैदानाच्या एका बाजूला लोकांची परसदारं, चेंडू सरळ कुणाच्या तरी बागेत. रोली हॉवर्ड तिथे १९७२ ते २००५ मॅनेजर होते आणि पोटापाण्यासाठी खिडक्या पुसायचे. जानेवारी २०२१ मध्ये टॉटनहॅम इथे कपचा सामना खेळायला आला आणि ५-० जिंकून गेला. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, तर लोकांनी तीस हजारांवर आभासी तिकिटं विकत घेतली. खालच्या पायऱ्यांवर बियरचा ग्लास हातात धरून मैदानाच्या कठड्याशी उभं राहता येतं. वरच्या पाच पायऱ्यांवर ते कायद्यात बसत नाही. मध्यंतरात आपला संघ बाजू बदलतो, तशी माणसंही चालत दुसऱ्या गोलमागे जातात. कोल्हापुरात तालमीच्या संघासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसवणाऱ्याला ही आपुलकी ओळखीची वाटेल, बियर सोडून.

बॅरोचं काय झालं? ४८ वर्षांनी, २०२० मध्ये, तो परत आत गेला. कोविडने हंगाम अर्धवट थांबला होता, आणि सरासरी गुण काढून बॅरोला विजेता ठरवलं गेलं. सभागृहातल्या मतांनी बाहेर काढलेला क्लब कागदावरच्या भागाकाराने परतला. रस्त्यावर जल्लोष करायलाही धड परवानगी नव्हती.

जुलैत सराव सामने सुरू होतात, वेळापत्रक लागतं. ऑगस्टच्या सुरुवातीला एफए कपची अगदी पहिली फेरी, तीही बड्यांचं नाव यादीत यायच्या पाच महिने आधी. चाहता पहिला शनिवार बघतो, बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) शेजारच्या गावाशी सामना आहे का ते बघतो, आणि मग बोट फिरवत फेब्रुवारीपर्यंत येतो: मंगळवारी रात्री पावणेआठला आपल्याला कुठे पाठवलंय?