झारेकाम

सराफी दुकानांतील केर, फुटक्या मुशी (धातू वितळवण्याची भांडी), भट्टीची राख आणि हात धुतलेल्या पाण्याचा गाळ यांतून सोने-चांदी वेगळे काढण्याचा धंदा. तो करणारा झारेकरी. हिंदीत न्यारिया, गुजरातीत धूळधोया. न्यारिया हे नाव ‘न्यारा’ म्हणजे वेगळा यावरून आले असावे. झारेकरी या शब्दाचा संबंध झारा या भोकांच्या पळीशी जोडता येतो. परंतु धुण्याचे मुख्य साधन पसरट पाटी हे आहे. त्यामुळे ‘झरणे’ (सं. क्षर्) ही व्युत्पत्ती अधिक पटते. नदीच्या वाळूतले सोने धुणाऱ्या सोनझऱ्यांच्या नावातही तेच मूळ दिसते.

इंदूर 1818 मध्ये होळकरांची राजधानी झाल्यावर राजवाड्यालगतचा सराफा वाढत गेला; झारेकामही त्याच सुमारास रुजले असावे.

केर आधी जाळावा लागतो. सोने पाण्याच्या 19.3 पट जड, वाळू सुमारे 2.65 पट, तरी तेलकट झालेला बारीक कण पाण्यावर तरंगून वाहून जातो. इंदूरच्या सराफ्यात रात्री खाऊची दुकाने लागतात, म्हणून तिथल्या रस्त्याच्या धुळीला हे विशेष लागू. जाळल्यावर चुंबकाने लोखंडाचा कीस काढतात, राख चाळतात आणि पाटीत धुतात. पाऱ्यात घोळवण्याची जुनी रीत घातक आहे: पारा 357° से.ला उकळतो आणि त्याची वाफ विषारी असते.

धुण्यापूर्वी राशीचे मोल ठरवायचे तर चाळणीवर राहिलेले धातूचे मणी वेगळे तोलावेत. एखादा जरी नमुन्यात शिरला तरी भाव फुगतो. उरलेल्या ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्यायचे, असे पुन्हा पुन्हा करत 50 ग्रॅमपर्यंत यायचे. हा नमुना मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), सवागी (टाकणखार), सोडा व चिमूटभर कोळसापूड यांसह वितळवला की मौल्यवान धातू घेऊन शिसे तळाशी बसते. हाडांच्या राखेच्या मुशीत ते तापवले की शिसे राखेत मुरते, मणी उरतो. मणी एकदम गार केल्यास चांदीत विरघळलेला प्राणवायू उसळून बाहेर पडतो आणि कण उडतात.

समजा मणी 60 मिग्रॅ., त्यात सोने 24, चांदी 36. शोऱ्याच्या तेजाबाने (नायट्रिक आम्लाने) चांदी पूर्ण निघण्यास ती सोन्याच्या तिप्पट हवी. म्हणून आणखी 36 मिग्रॅ. चांदी मिसळून मणी पुन्हा वितळवतात, आणि हिशेबात ती वजा करतात. मुर्दाडशिंगातही चांदीचा अंश असतो. त्याची कोरी (नमुना न घालता केलेली) चाचणी वेगळी घ्यावी. 50 ग्रॅम नमुन्यात 24 मिग्रॅ., म्हणून 20 किलोच्या राशीत 9.6 ग्रॅम सोने निघते.

मोडीचा (जुन्या दागिन्यांचा) कीस थेट तेजाबात टाकला आणि त्यात कथील असले, तर पांढरा चिकट साका होऊन सोने त्यात अडकते. तो फेकू नये. सुकवून पुन्हा शिशाबरोबर वितळवावा.