पार्श्वभूमी: गंजिफातली उलटी उतरंड

सावंतवाडीच्या गोल पत्त्यांची, म्हणजे गंजिफाची, पेटी हल्ली लग्नाच्या आहेरात दिसते, निवृत्तीच्या निरोपसमारंभात दिसते, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेतही दिसते. पेटी उघडली जाते, मत्स्य-कूर्म-वराह या हातातून त्या हातात फिरतात, "काय बारीक काम आहे!" असं म्हणून होतं आणि झाकण लागतं. डाव कोणी मांडत नाही. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: एकशेवीस पानं असतात हो, कोण लक्षात ठेवणार?

हे उत्तर पटण्यासारखं नाही. गणपतीत रात्रभर रमीला बसणारी मंडळी तीन-तीन जोड एकत्र पिसतात. ती दीडशेच्या वर पानं झाली आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. खेळ अवघड झाला तो दुसऱ्याच एका ठिकाणी. त्या ठिकाणी पोचायला थोडं मागे जावं लागतं, पण फार मागे नको.

बाबराने १५२७ साली सिंधच्या राज्यकर्त्याला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळात आईन-ए-अकबरीत बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या खेळाचं वर्णन येतं. पहिला रंग अश्वपतीचा, मग गजपती, नरपती आणि पुढे थेट अहिपतीपर्यंत. नंतर रूढ राहिला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. आपल्याकडचा दशावतारी त्याच्याच घरातला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळायला तीन जण. प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या. मोगली खेळात हेच काम दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं करतं आणि रात्री सफेद म्हणजे चांदीचं. सूर्य आणि चंद्र. इथवर कुणालाही पाच मिनिटांत सांगता येतं.

पुढे मात्र गाडी अडते. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वरच असतात. त्यांच्याखालची उतरंड अर्ध्या रंगांत एका दिशेने चालते आणि उरलेल्या अर्ध्यांत नेमकी उलट्या. मोगली पत्त्यांत ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांमध्ये वजिराच्या खाली दश्शी, मग नव्वी, असं उतरत एक्का तळाला जातो. चंग, सुर्ख, बरात आणि किमाश या चारांत वजिराच्या खाली एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी तळाला. दशावतारीतही अशीच वाटणी: पाच रंग असे, पाच तसे. म्हणजे हातात दश्शी आली तर ती हिरा आहे की कोळसा, हे त्या पानावरचे ठिपके मोजून कळत नाही. आधी रंग ओळखायचा, मग तो कुठल्या बाजूचा ते आठवायचं, आणि मग पान टाकायचं.

शिकणारे अडतात ते इथेच, आणि त्यांना अडवण्यात शब्दांचा वाटा मोठा आहे. फारसीत या दोन गटांना बेशबर आणि कमबर म्हणत. एकात अधिक ते वरचं, दुसऱ्यात कमी ते वरचं, असा त्याचा उपयोग. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी त्याचं 'बलवान' आणि 'दुर्बल' करून टाकलं, आणि मराठीत ज्यांनी ज्यांनी नियम उतरवले त्यांतल्या बऱ्याच जणांनी तेच उचललं. आता पत्ते खेळणाऱ्या मराठी माणसाला 'बलवान रंग' म्हटल्यावर काय सुचेल? हुकूम! त्याला वाटतं, बलवान रंगाचं पान दुर्बल रंगाच्या पानाला मारतं. गंजिफात असं काहीच नाही. या खेळात हुकूम नसतो. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचं मोठं पान हात घेऊन जातं. दुसऱ्या रंगाचं पान, मग तो राजा का असेना, वाया गेलेलं पान. दुर्बल म्हटलेल्या रंगाचा राजा आपल्या रंगात तितकाच बिनतोड असतो, जितका बलवान म्हटलेल्याचा. हे दोन शब्द नुसते निरुपयोगी नाहीत, ते चुकीचं शिकवतात. 'सुलटा' आणि 'उलटा' असे साधे शब्द वापरले असते तर निम्मा घोळ मिटला असता, असं माझं मत आहे.

ही उलटी उतरंड कुणी आणि कशाला आणली, यावर बरंच बोललं गेलं आहे. कुणी त्यात तत्त्वज्ञान पाहिलं, कुणी जमाखर्च. ही अस्सल इथली कल्पना, असाही एक सूर असतो. तो मला टिकणारा वाटत नाही. स्पेनमध्ये उगम पावलेल्या ओंब्रे या खेळात काळ्या रंगांत सत्ती दुर्रीपेक्षा मोठी, तर लाल रंगांत दुर्री सत्तीपेक्षा मोठी. इटलीच्या तारोकी या जुन्या पत्त्यांच्या खेळात पेले आणि नाणी या रंगांची उतरंड उलटी. ऑस्ट्रियात आजही टॅरॉक खेळतात, तिथे लाल रंगाचा एक्का ठिपक्यांच्या पानांत वरचा असतो. चीनच्या पैशांच्या पत्त्यांत सुट्या नाण्यांचा रंग उलटा चाले. इतक्या लांबलांबच्या ठिकाणी तीच खोड सापडते, तेव्हा ती पत्त्यांच्या फार जुन्या खानदानातली असणार आणि गंजिफा ती बरोबर घेऊनच इथे आला असणार, असं मानणं जास्त सरळ. बाकीच्या बहुतेक खेळांनी ती पुढे टाकून दिली. गंजिफाने टाकली नाही. तिच्यामुळे खेळाला धार आहे हेही खरं. हुकूम नसलेल्या खेळात सगळी मदार गेलेली पानं लक्षात ठेवण्यावर असते. आपली सत्ती आता रंगातली सगळ्यात मोठी उरली का, हा एकच प्रश्न चाळीस वेळा विचारायचा. त्याचं उत्तर अर्ध्या रंगांत वरून मोजायचं आणि अर्ध्यांत खालून. डोकं तापतं, आणि खेळणाऱ्याला तेच हवं असतं.

पूर्वीचे लोक हे शिकले कसे? एकदम कुणीच शिकलं नसणार. ज्या पत्त्यांच्या खेळाची मला घरातून ओळख आहे त्यावरून अंदाज करता येतो. कोकणात तीनशे चार नावाचा खेळ चालतो. त्याचीही उतरंड वाकडीच: गुलाम सगळ्यात मोठा, मग नव्वी, एक्का, दश्शी, आणि राजा-राणी त्यांच्या खाली. मे महिन्यात आजोळी पडवीत मोठ्यांचा डाव बसायचा. आम्हा पोरांना खेळायला घेत नसत, मागे बसायला मज्जाव नव्हता. मामाच्या खांद्यावरून पानं बघायची, तोंड उघडायचं नाही. चुकून "मामा, राजा टाक" असं कुणी बोललं की त्याची रवानगी विहिरीवर पाणी आणायला. "गुलाम तीस, नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, राजा तीन, राणी दोन" हे परवचासारखं पाठ. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. खेळाचं नावच खेळाचा ताळा. दोन सुट्ट्या अशा गेल्या की तिसऱ्या सुट्टीत कुणीतरी जेवायला उठलं म्हणून पानं हातात यायची, आणि तेव्हा कळायचं की आपल्याला येतंय. नियम कुणी सांगितलेच नव्हते.

गंजिफाची तालीमही अशीच मांडीजवळची असणार. त्याचा तोटा असा, की मधली एक पिढी उठून गेली तर मागे बसण्यासारखं काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील बावन्नपानी पत्ते स्वस्त झाले आणि नेमकं हेच घडलं. हाती रंगवलेला दशावतारी संच म्हणजे कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा, आणि हे एकशेवीस वेळा. यंत्रावरच्या जोडासमोर त्याचा टिकाव लागणं कठीण होतं. किमतीची ही बाजू सगळे सांगतात. दुसरी बाजू कमी बोलली जाते. त्याच सुमारास अमेरिकेत पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह छापायची रीत रुळली. पानं पंख्यासारखी धरली की नुसते कोपरे बघून हात वाचता येऊ लागला. नवख्या माणसावर याच्याएवढे उपकार दुसऱ्या कुठल्या बदलाने केले नसतील. गोल पानाला कोपराच नाही. त्यावरचे आठ मासे आहेत की नऊ, हे आजही पूर्ण पान पुढे घेऊन मोजावं लागतं, आणि तोवर शेजारच्याला पान दिसलेलं असतं.

भरीला चिन्हांचा गोंधळ. रामाच्या रंगावर कुठे बाण, कुठे वानर. नववा अवतार ओडिशात जगन्नाथ होतो. आपल्या पंचांगांतही बुद्धाच्या जागी विठोबा उभा राहिलेला आपण पाहतोच. एका गावच्या संचावर हात बसलेल्याला दुसऱ्या गावचा संच पुन्हा ओळखावा लागे.

ब्रिजशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. ब्रिज काही सोपा खेळ नाही. नुसती बोली शिकण्यात वर्ष जातं. त्याचं आजचं काँट्रॅक्ट रूप १९२५ नंतरचं, म्हणजे वयाने तो गंजिफाचा पणतूही नव्हे. पण ब्रिजने शिकवण्याची यंत्रणा उभारली: पुस्तकं, क्लब, स्पर्धा, वर्तमानपत्रांतली सदरं. शिकणारे आटू लागले तेव्हा १९९०च्या दशकात युरोपात बोली वगळून मिनीब्रिज काढलं. आधी हात खेळायला शिका, बोलीचं पुढे बघू, असा त्याचा क्रम. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीच्या ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा चार दिवस तरी लोक या खेळाबद्दल बोलले. गंजिफासाठी असा सोपा पाठ कुणी आखला नाही. सगळे रंग सुलटे धरून आठवडाभर खेळा, मग अर्धे उलटे करा, एवढंही चाललं असतं.

आखला नाही, कारण विसाव्या शतकात गंजिफाला ज्यांनी हात दिला त्यांची काळजी वेगळी होती. १९७०च्या दशकापर्यंत सावंतवाडीत हे पत्ते रंगवू शकणारे चितारी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. तिथल्या राजघराण्याने राजवाड्यात जागा दिली, मुलांना हाताशी धरून काम शिकवायची व्यवस्था केली. मुंबईत स्थायिक झालेल्या एका जर्मन कलासमीक्षकाने देशभरातले संच जमवून त्यांचा अभ्यास केला, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या पत्त्यांचं प्रदर्शन भरलं. ती धडपड झाली नसती तर आज पेटीसुद्धा दिसली नसती, हे आधी मान्य करायला हवं. पण वाचवली गेली ती चित्रकला. कुंचला धरणारा हात तयार झाला, पान धरणारा नाही. पुढचं सगळं त्याच वाटेने गेलं: पत्ते चौकटीत बसले, भिंतीवर चढले, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर आले. म्हैसूरच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं तेही हस्तकलेचं. खेळ म्हणून गंजिफा जिवंत दिसतो तो ओडिशात. पुरीच्या बाजूला म्हातारी माणसं अजून आठरंगी डाव मांडून बसतात. तिथले पत्ते आपल्या पत्त्यांइतके नाजूक नसतात, हाताळून मळलेलेही असतात.

मी घेतलेल्या संचाबरोबर एक घडीचा कागद होता. त्यात दहाही अवतारांची माहिती होती, लाखकामाची होती, संच ओल्या हाताने हाताळू नये हेही होतं. खेळाबद्दल दोन ओळी, आणि त्यांत तेच 'बलवान' आणि 'दुर्बल'.

तरी गेल्या दिवाळीत आम्ही तिघं बसलो. चाळीस गोल पानं एका मुठीत राहत नाहीत हे पहिल्या मिनिटाला कळलं. मग प्रत्येकाने पुढ्यात उशी उभी केली आणि तिच्या आड पानं मांडली. वाटण्यातच पाऊण तास गेला, कारण खाली पडलेलं पान पालथं की उताणं हे ओळखता ओळखता दोनदा मोजणी चुकली. रात्र होती म्हणून उतारी कृष्णाची. पहिले सात-आठ हात बरे चालले. मग भावाने मोठ्या ऐटीत एका रंगाची दश्शी आपटली आणि हात ओढायला पुढे झाला. बायकोने शांतपणे त्याच रंगाची तिर्री टाकली. उलटा रंग. "हे कुठे लिहिलंय?" म्हणून त्याने कागद मागितला. कागद सापडेपर्यंत मांजर उशीवरून चालत गेलं.

डाव मोडला तेव्हा तिच्याकडे पाच हात होते. ते तिने वहीत लिहून ठेवले आहेत.