गिंप आणि डार्कटेबल: केलेलं काम नेमकं जातं कुठे?

'लिनक्सवर जुने फोटो स्कॅन करून सुधारायचे आहेत. गिंप टाकू की डार्कटेबल?' फोटो सुधारायच्या या दोन प्रोग्रामबद्दल हा प्रश्न आला की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, 'डार्कटेबल घ्या, ते जास्त प्रोफेशनल आहे.' दुसरं, 'काहीही घ्या, दोन्ही एकच काम करतात.' पहिलं उत्तर नुसतं पोकळ आहे. दुसरं मात्र नुकसान करतं, कारण ते ऐकणारा डार्कटेबल गिंपसारखं वापरायला लागतो आणि थोड्याच दिवसांत 'माझं सगळं काम गायब झालं' म्हणत परत येतो. काम गायब झालेलं नसतं. ते तो शोधतोय तिथे कधी नव्हतंच.

गिंप बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. 1996 पासून ते लोकांच्या हातात आहे. फाइल उघडायची, लेयर (चित्रावर एकावर एक थर) करायचे, कर्व्ह्जने उजेड-अंधार सावरायचा, हील आणि क्लोनने ओरखडे बुजवायचे. 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून ते 16 आणि 32 बिटमध्येही काम करतं (बिट जास्त म्हणजे रंगांच्या छटा जास्त बारीक), त्यामुळे 'गिंपमध्ये फक्त 8 बिट' हे वाक्य आता पुरे. सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल होते, बाकी सगळ्यासाठी एक्स्पोर्ट.

दिसण्यातले फरक किरकोळ आहेत. डार्कटेबलमध्ये फोटो निवडायला लाइटटेबल आणि सुधारायला डार्करूम असे दोन कक्ष आहेत, लेयरऐवजी मॉड्यूल, म्हणजे एकेका सुधारणेची साधनं आहेत. एका दुपारी सवय होते. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त, जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत (लिनक्सच्या प्रकारात) तयार मिळतात. घोळात भर घालणारी गोष्ट वेगळीच आहे. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल गिंप स्वतः उघडत नाही. मशीनवर डार्कटेबल असेल तर गिंप ती त्याच्याकडे सोपवतं. गिंपवर क्लिक केलं आणि डार्कटेबल उघडलं, म्हणजे ही एकाच घरची दोन दारं असावीत, असा समज तिथून रुजतो.

आता खरा मुद्दा. गिंप चित्राचे पिक्सेल बदलतं. डार्कटेबल पिक्सेलना हातच लावत नाही. तुम्ही एक्स्पोजर वाढवलंत, पिवळेपणा काढलात, कडा कापल्यात, की डार्कटेबल ते सगळं एका चिठ्ठीवर लिहून ठेवतं: 'हा फोटो दाखवताना एवढं करा.' ही चिठ्ठी म्हणजे मूळ फाइलशेजारची एक्सएमपी फाइल. पडद्यावर दिसतं ते मूळ फाइल अधिक चिठ्ठी, दर वेळी नव्याने काढलेलं.

आकारावरून फरक लगेच लक्षात येईल. 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 डीपीआयला (इंचामागे 600 ठिपके) स्कॅन केला तर 2400 गुणिले 3600 पिक्सेल होतात. 16 बिट रंगीत टिफ (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) म्हणून तो न दाबता ठेवला तर साधारण 52 एमबी. तुम्ही डार्कटेबलमध्ये तासभर घासलंत तरी ही टिफ जशीच्या तशी राहते, वाढते ती शेजारची काही केबींची चिठ्ठी.

यातून जे निघतं तिथेच लोक अडखळतात. पहिलं, डार्कटेबलमध्ये सेव्हचं बटण शोधू नका, ते नाही. चिठ्ठी आपोआप लिहिली जाते. ती लिहिण्याची सेटिंग 'कधीच नाही' वर नाही ना, एवढं प्रेफरन्सेसमध्ये एकदा पाहा. ती बंद असेल तर तुमचं काम फक्त डार्कटेबलच्या डेटाबेसमध्ये, होम फोल्डरातल्या एका लपलेल्या कोपऱ्यात राहतं, आणि बॅकअप घेताना तो कोपरा हमखास सुटतो.

दुसरं, सुधारलेला फोटो म्हणून कुणाला ती टिफ पाठवलीत तर त्यांना डाग, पिवळेपणा, तिरकी कड सगळं जसंच्या तसं मिळेल. फाइल मॅनेजरमध्ये उघडलंत तरी तेच दिसेल. सुधारलेलं चित्र हवं तर एक्स्पोर्ट करावंच लागतं. डार्कटेबल ते सहसा मूळ फोल्डरातच एका वेगळ्या पोटफोल्डरात ठेवतं. 'काम गायब' म्हणणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

तिसरं, फाइल मॅनेजरमधून फोटोंची नावं बदलू नका, फोल्डर हलवू नका. डार्कटेबलला मूळ फाइल सापडली नाही की ते लाइटटेबलवर त्या जागी कवटी दाखवतं. हलवायचंच असेल तर डार्कटेबलच्या आतून हलवा, म्हणजे चिठ्ठीही सोबत जाते.

आणि सगळ्यात वाईट प्रकार. डार्कटेबलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला. मग तीच मूळ टिफ गिंपमध्ये उघडली, तिथेही कॉन्ट्रास्ट वाढवला आणि त्याच नावाने ओव्हरराइट केली. आता पिक्सेल बदललेत, पण चिठ्ठी जुनीच आहे, आणि डार्कटेबल ती इमानेइतबारे पुन्हा लावतं. चेहरे पांढरेफटक, केस काळेकुट्ट, आणि शिव्या डार्कटेबलला. शिवाय मूळ स्कॅनही हातचा गेला, तो कुठलंच अन्डू परत आणणार नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी डार्कटेबल, मग गिंप, उलट कधीच नाही. सगळा गठ्ठा डार्कटेबलमध्ये घ्या. एकाच अल्बममधले फोटो बहुधा सारखेच विटलेले असतात, तेव्हा एकावर रंग नीट करा आणि निवडक कॉपीने तेवढेच रंगाचे मॉड्यूल बाकीच्यांवर चिकटवा. हे काम गिंपमध्ये एकेक फाइल उघडून करणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. मग ज्या मोजक्या फोटोंचा कोपरा फाटलाय किंवा चेहऱ्यावरून घडी गेलीये, तेवढेच 16 बिट टिफ म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती नवी फाइल गिंपमध्ये उघडा. यात एक तोटा आहे: नंतर रंगाबद्दल मत बदललं तर गिंपमधलं बुजवणं पुन्हा करावं लागतं. मला तो चालतो, कारण अंतिम रंग समोर असल्याशिवाय घडी नीट बुजवताच येत नाही.

डार्कटेबलमध्येही रिटच मॉड्यूल आहे आणि धुळीच्या दहा-वीस ठिपक्यांना ते छान पुरतं. पण प्रत्येक ठिपका ही चिठ्ठीवरची आणखी एक ओळ, आणि चित्र काढताना सगळ्या ओळी पुन्हा चालवाव्या लागतात. शेकडो ठिपके झाले की ते सुस्तावतं. अर्धा चेहरा नव्याने उभा करायचा असेल तर तिथे हट्ट करू नका.

मार्च 2025 मध्ये गिंप 3.0 आलं आणि 'आता गिंपही मूळ चित्राला धक्का लावत नाही' असं सुरू झालं. अर्धं खरं आहे. फिल्टर आता लेयरला जोडलेले राहतात, नंतर उघडून बदलता येतात. पण तेही एक्ससीएफमध्येच. जेपेग किंवा टिफ काढलीत की सगळं एकजीव. आणि हील-क्लोनचे फटकारे आजही थेट पिक्सेलवरच पडतात. म्हणून हील करण्याआधी लेयरची प्रत काढा आणि फक्त प्रतीवर काम करा.

स्कॅनिंगसाठी या दोघांकडेही जाऊ नका. स्कॅनरशी बोलणारं सेन हे सॉफ्टवेअर असतं, त्याच्यावर एक्ससेन हा स्कॅनिंगचा प्रोग्राम चालवा, स्कॅनर देत असेल तर 16 बिट निवडा आणि टिफ ठेवा. 16 बिटचं 8 बिट करून टाकणारा एक पर्याय एक्ससेनच्या सेटअपमध्ये असतो, तो बंद आहे ना ते पाहा. जेपेगमध्ये स्कॅन करून मग पिवळेपणा काढत बसणाऱ्यांना मी सल्ला देणं सोडलंय.

निगेटिव्ह असतील तर प्रश्नच मिटला, डार्कटेबल. 2020 मधल्या 3.2 आवृत्तीपासून त्यात नेगाडॉक्टर हे निगेटिव्हसाठीचं मॉड्यूल आहे. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर ते फिल्मच्या रिकाम्या कडेवरून मोजून काढतं, तेव्हा स्कॅन करताना ती कड थोडी येऊ द्या. ते लावलं की फिल्मिक, सिग्मॉइडसारखी उजेड-अंधार बसवणारी मॉड्यूल बंद ठेवायची. गिंपमध्ये रंग उलटे करून हेच होतं असं कुणी म्हणालं, तर त्यांनी काढलेले आकाशाचे रंग एकदा बघून घ्या.

पॅकेज डिस्ट्रोचं घ्या किंवा फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज), पण डार्कटेबलचं दोन्हीकडून घेऊ नका. दोघांचे डेटाबेस वेगळे राहतात, आणि एकात केलेलं दुसऱ्यात दिसत नाही म्हणून पुन्हा तीच बोंब होते. बॅकअप घेताना टिफ आणि एक्सएमपी एकत्र न्या. जागा वाचवायला डार्कटेबलमधून फोटो काढत असाल तर 'रिमूव्ह' आणि 'डिलीट' शेजारी-शेजारी आहेत हे ध्यानात ठेवा: पहिलं फक्त यादीतून काढतं, दुसरं डिस्कवरची फाइल घालवतं.