ब्रिटनमधला मुस्लिमद्वेष आणि 'कम्युनिटी कोहीजन': हे सगळं आलं कुठून?

ब्रिटनमध्ये मुस्लिमद्वेष 9/11 नंतर सुरू झाला असं बरेच जण धरून चालतात, पण वंशसमतेवर काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्ट या संस्थेचा इस्लामोफोबियावरचा (म्हणजे याच मुस्लिमद्वेषावरचा) रिपोर्ट 1997 चा आहे आणि ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्डमधल्या गोऱ्या आणि आशियाई तरुणांच्या दंगली 2001 च्या मे ते जुलैमधल्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या हल्ल्याआधीच्या.

ही सगळी उत्तर इंग्लंडमधली गिरणगावं. 1950-60 च्या काळात कापड गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा मीरपूर (पाकिस्तानच्या ताब्यातलं काश्मीर) आणि सिल्हेट (आजचा बांगलादेश) इकडचे लोक आले, मीरपूरला तर मंगला धरणात लाखभर लोकांची घरं-शेतं गेली होती, त्यातलेही कित्येक ब्रिटनमध्ये पोचले. रात्रपाळीला बहुतेक सगळे आपल्याच भागातले, दिवसा झोप, त्यामुळे गोऱ्या कामगारांशी धड ओळखच व्हायची नाही, घर घ्यायचं तर जुन्या स्वस्त गल्ल्यांत, मग मुलांची शाळापण तिथलीच. पुढे गिरण्या बंद पडल्या, दोन्हीकडच्यांचे रोजगार गेले, वस्त्या मात्र वेगळ्याच राहिल्या. दंगलींनंतर सरकारने नेमलेल्या टेड कँटल यांच्या रिपोर्टने याला 'समांतर आयुष्यं' म्हटलं आणि तिथून कम्युनिटी कोहीजन, म्हणजे वेगवेगळ्या समाजांना एकमेकांत मिसळवणं, हे सरकारी धोरण झालं.

माझ्या मते गाडी इथेच घसरली. मिसळा, मिसळा हे हळूहळू फक्त मुस्लिमांनाच सांगितलं जाऊ लागलं, आणि कायद्याचं संरक्षण मात्र अर्धवट. 1976 च्या वंशभेदविरोधी कायद्यात ज्यू आणि शीख वांशिक गट म्हणून बसले (शिखांचा निकाल 1983 चा, शाळेत पगडी घालण्यावरून), मुस्लिम बसले नाहीत, कारण त्यात सगळ्याच वंशांचे लोक. इंग्लंडमध्ये धर्मावरून नोकरी नाकारायला थेट बंदी यायला 2003 उजाडलं. धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्धचा कायदा 2006 चा, तोही फक्त धमकीच्या भाषेपुरता आणि हेतू सिद्ध झाला तरच.

मध्येच 7 जुलै 2005 ला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, 52 माणसं गेली. त्यानंतर 'प्रिव्हेंट'चा (लोकांना दहशतवादाकडे वळण्यापासून रोखायची सरकारी योजना) पैसा कुठल्या भागात किती मुस्लिम राहतात ते बघून वाटला गेला. ज्यांना शेजारी म्हणून जवळ आणायचं त्यांनाच संशयित म्हणून मोजायचं, अशाने विश्वास कसा बसणार?

खरं काम लोकांनीच केलं. 2013 मध्ये यॉर्कच्या मशिदीवर इंग्लिश डिफेन्स लीग या कट्टर उजव्या, मुस्लिमविरोधी संघटनेचे लोक निदर्शनं करायला आले, तर मशिदीतल्या लोकांनी त्यांना चहा-बिस्किटं दिली, बोलणं झालं आणि नंतर चक्क फुटबॉल खेळले. 2017 ला फिन्सबरी पार्कमध्ये एकाने नमाजाहून निघालेल्या लोकांवर व्हॅन घातली, त्यात मकराम अली गेले, तरी चिडलेल्या लोकांना आवरून पोलीस येईपर्यंत हल्लेखोराला वाचवलं ते इमामांनीच. 29 जुलै 2024 ला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला, मारणारा मुस्लिम आहे अशी खोटी अफवा नेटवर पसरली आणि दुसऱ्याच संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले लोक मशिदीची पडलेली भिंत परत बांधायला हजर!

सरकारी बाजू मात्र रेंगाळतच राहिली. 2018 मध्ये खासदारांच्या गटाने इस्लामोफोबियाची व्याख्या सुचवली, ती पुढच्या वर्षी सरकारने नाकारली, मग 2025 मध्ये माजी अ‍ॅटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांच्या हाताखाली नवीन गट नेमला. इंग्लंड-वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत मुस्लिम 6.5 टक्के होते, आणि मार्च 2024 पर्यंतच्या वर्षात पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या धार्मिक द्वेषाच्या गुन्ह्यांपैकी 38 टक्के त्यांच्याविरुद्धचे. हे आकडे साउथपोर्टच्या आधीचे आहेत.