स्कर्व्ही परत का आली?

१७४७ साली 'सॉल्सबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही लिंबाचा रस नौदलाच्या शिध्यात यायला १७९५ उजाडले. हा उशीर सर्वांना माहीत असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

१८६०च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकाठची पिवळी लिंबे सोडून वेस्ट इंडीजमधली लहान हिरवी लिंबे घेतली. रस आंबटच होता, त्यामुळे गुणही तोच असणार, असा समज. प्रत्यक्षात त्यात क जीवनसत्त्व बरेच कमी होते आणि साठवणुकीत आणखी घटत होते. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते, ताजे अन्न वेळेवर मिळत होते, म्हणून ही तूट कोणाच्या ध्यानात आली नाही. १८७५मध्ये जॉर्ज नेअर्स यांची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि माणसे पुन्हा स्कर्व्हीने कोसळू लागली. उपाय शिध्यात नावापुरता उरला होता. त्यातले नेमके काय काम करते हे ठाऊक नसल्यामुळे बदल करताना तेच हातचे गेले.

आजच्या रुग्णालयांतही हे घडते, फक्त लिंबांच्या जागी कागद असतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, अ‍ॅलर्जी वगैरे मोठ्याने पडताळून पाहणारी जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली गेली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने अशा याद्या सक्तीच्या केल्या. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४मध्ये आला, तेव्हा मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. यादी पाळल्याचे अहवाल मात्र जवळजवळ शंभर टक्के! अभ्यासाचा कालावधी कमी होता, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्तही आहे. पण चौकटीत खूण करणे आणि भूलतज्ज्ञ, सर्जन व परिचारिकेने क्षणभर थांबून एकमेकांशी बोलणे यांतला फरक अहवालात उमटत नाही.

याउलट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला अनुभव. तिथल्या शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, होणारा रक्तसंसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या गोष्टी ठरवल्या: हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यात नवे काहीच नव्हते. नवी होती ती भोवतालची व्यवस्था. लागणारे सगळे साहित्य एकाच गाडीवर आले. पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. माझ्या मते खरी धिटाई या अधिकारात होती, कारण तो वरिष्ठतेच्या उतरंडीलाच हात घालतो. दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) सरासरी ७.७ असलेले संसर्ग दीड वर्षात १.४वर आले.

सुरुवातीपासून तीन वर्षांनी हाच आकडा १.१ होता. मूळ प्रकल्पाचा काळ तोवर संपला होता, पण नव्याने रुजू होणाऱ्यांच्या पहिल्या प्रशिक्षणात या पाच गोष्टी घालायच्या आणि संसर्गाचे आकडे दरमहा गोळा करत राहायचे, असे विभागांना सांगितलेले होते.